घड्याळ बरोबर, पंचांग जुने

काळ कुणासाठी थांबत नाही, हे खरे. पण काळ दाखवणारे घड्याळ सरकारी हुकमाने पुढेमागे होते, हेही तितकेच खरे. सूर्य कधी उगवावा हे कोणत्याही कायदेमंडळाला ठरवता येत नाही. परंतु सूर्य उगवला तेव्हा सहा वाजले म्हणावयाचे की सात, हे मात्र कायद्याने ठरते, आणि कायदा बदलला की तेही बदलते. माणूस अशा बदलाची सवय करून घेतो. रात्री निजताना काटा एक तास पुढे सरकवला, दोन दिवस जांभया दिल्या, की झाले. यंत्राचे तसे नाही. यंत्राला कुणीतरी सांगावे लागते. आणि ते यंत्र जुने असेल, त्याची काळजी घेणारा केव्हाच नोकरी सोडून गेला असेल, तर काय होते? जुन्या ईमेल सर्व्हरवर, म्हणजे कचेरीचे ई-टपाल सांभाळणाऱ्या जुन्या संगणकावर, उन्हाळी वेळेचा हा बदल कसा सांभाळावा, ते आज पाहू.

आपल्याकडे ही भानगडच नाही, मग आपल्याला त्याचे काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. भारतात बाराही महिने एकच प्रमाणवेळ चालते, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ती राखली जाते, आणि आकाशवाणीच्या टिकटिकीवर आपल्या वाडवडिलांनी आपली घड्याळे लावली. पण आज पुण्या-मुंबईतील कितीतरी कचेऱ्यांचे काम संध्याकाळी न्यूयॉर्क-लंडनच्या माणसांशी बोलून चालते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ तास. म्हणजे तिथल्या सकाळी नऊची बैठक आपल्याकडे हिवाळ्यात साडेसातला भरते, आणि मार्चमधल्या एका रविवारनंतर तीच साडेसहाला भरते. आपले घड्याळ जागचे हलत नाही, पण पलीकडचे हलते. त्याचा हिशेब कुणीतरी ठेवावाच लागतो, आणि तो ठेवण्याचे काम आपण टपालाच्या यंत्रावर सोपवले आहे.

ही उन्हाळी वेळ आली कुठून? १८९५ साली न्यूझीलंडमध्ये जॉर्ज हडसन यांनी ती सुचवली. १९०७ साली इंग्लंडमध्ये विल्यम विलेट यांनी एक पुस्तिका काढून तीच कल्पना मांडली : उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, लोक मात्र सूर्य वर आला तरी झोपलेले असतात, तेव्हा घड्याळच पुढे करा. लोकांनी ते हसण्यावारी नेले. पण पहिले महायुद्ध आले, कोळसा वाचवण्याची निकड निर्माण झाली, आणि १९१६ साली आधी जर्मनीने व मागोमाग ब्रिटनने घड्याळे पुढे केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, आपल्या देशातही घड्याळ एक तास पुढे होते. एका गावात दोन वेळा हा अनुभव तर मुंबईला चांगला परिचयाचा. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. भेट ठरवताना ‘कोणत्या वेळेप्रमाणे?’ असे विचारावे लागे. आज आपल्याला यंत्रालाही हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

आता टपालाकडे वळू. साध्या पत्रावर जसा टपालकचेरीचा शिक्का असतो, तशी प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर तारीख-वेळ असते. वाटेत ते पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जाते, तो प्रत्येक सर्व्हर आपापला शिक्का वर चढवत जातो. या शिक्क्याची एक खुबी आहे. त्यात नुसती वेळ नसते, तर शेवटी एक आकडा असतो : अधिक ०५३० किंवा उणे ०५०० असा. त्याचा अर्थ, ही वेळ जागतिक वेळेच्या किती पुढे किंवा मागे आहे. पुण्याहून निघालेल्या पत्रावर अधिक ०५३०. न्यूयॉर्कहून हिवाळ्यात निघालेल्या पत्रावर उणे ०५००, उन्हाळ्यात उणे ०४००. १९८२ सालच्या ‘आरएफसी ८२२’ या नियमपत्रापासून ही रीत चालत आली आहे. तो आकडा आहे म्हणूनच जगाच्या कोणत्याही टोकाचे पत्र आपल्या पेटीत आपल्या वेळेने दिसते.

म्हणजे टपालाच्या यंत्रात काळाशी संबंधित तीन वस्तू असतात. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या, की अर्धे काम झाले. पहिली वस्तू घड्याळ. हे आतले घड्याळ जागतिक वेळेने चालते. युनिक्स जातीच्या यंत्रात तर १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढेच ते मोजते. त्याला न्यूयॉर्क माहीत नाही आणि नागपूरही माहीत नाही. दुसरी वस्तू म्हणजे नियमांचा तक्ता. कोणत्या प्रदेशात कोणत्या तारखेपासून किती तास अधिक-उणे करावयाचे, हे त्यात लिहिलेले असते. याला आपण पंचांग म्हणू. आणि तिसरी वस्तू रोजनिशी, म्हणजे पुढच्या बैठकांच्या व भेटींच्या नोंदी. घड्याळ चुकणे वेगळे, पंचांग जुने होणे वेगळे, आणि जुन्या पंचांगावरून लिहिलेली रोजनिशी वेगळी. तिन्ही दुखण्यांना एकच औषध देऊ गेलो, तर रोग बरा होण्याऐवजी बळावतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील २००७ सालचा मार्च महिना. १९८७ पासून तिथे उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपत असे. वीस वर्षे हा नियम चालला. त्या काळात घडवलेल्या यंत्रांच्या पंचांगात तोच लिहिलेला. मग ऑगस्ट २००५ मध्ये तिथल्या नव्या ऊर्जा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची सही झाली. वीज वाचावी म्हणून उन्हाळी वेळ लांबवण्यात आली : मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. अंमल २००७ पासून. म्हणजे घड्याळे १ एप्रिलऐवजी ११ मार्चला पुढे करावयाची, आणि २८ ऑक्टोबरऐवजी ४ नोव्हेंबरला मागे घ्यावयाची. मार्चमध्ये तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा, असे मिळून चार आठवडे जुने पंचांग आणि नवा कायदा यांच्यात एका तासाचे अंतर पडणार होते. त्यात युरोपची तारीख आणखी निराळी, मार्चचा शेवटचा रविवार. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कमधले नेहमीचे पाच तासांचे अंतर त्या वर्षी मार्चमध्ये दोन आठवडे चारच तास होते.

आता समजा, न्यूयॉर्कच्या एका कचेरीतील जुन्या सर्व्हरला नवा नियम कुणी सांगितलाच नाही. सोमवार, १२ मार्च २००७. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली आहेत, आणि एक पत्र पुण्याला निघाले. सर्व्हरचे पंचांग जुने, त्याच्या लेखी अजून हिवाळाच. तो शिक्का मारतो : ८ वाजून १० मिनिटे, उणे ०५००. दिसायला चूक. पण हिशेब करून पाहा. आठ-दहामध्ये पाच तास मिळवले की जागतिक वेळ १ वाजून १० मिनिटे दुपारची. नव्या नियमाचा सर्व्हर असता तर त्याने ९ वाजून १० मिनिटे, उणे ०४०० असा शिक्का मारला असता; नऊ-दहामध्ये चार तास मिळवा, पुन्हा तेच एक-दहा. पुण्याच्या पेटीत दोन्ही पत्रे संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे अशीच दिसणार. म्हणजे पंचांग जुने असले, तरी तो क्षण खराच नोंदवला गेला. फक्त त्या कचेरीतल्या माणसांना पडद्यावर एक तास मागची वेळ दिसते.

पण ही एक तास मागची वेळ पाहून कुणाला तरी राहवत नाही. तो उत्साही माणूस उठतो आणि सर्व्हरचे घड्याळ हाताने एक तास पुढे करतो. पडद्यावर नऊ-दहा दिसू लागले, सगळ्यांना बरे वाटले. पण आत काय झाले? पंचांग अजून हिवाळ्याचेच आहे. शिक्का पडतो : ९ वाजून १० मिनिटे, उणे ०५००. पाच तास मिळवा. जागतिक वेळ २ वाजून १० मिनिटे! हा क्षण तर अजून उगवलेलाच नाही. पुण्यातील माणसाला ६ वाजून ४० मिनिटांनी एक पत्र मिळते, आणि त्यावर ७ वाजून ४० मिनिटांचा शिक्का असतो. भविष्यातून आलेले पत्र! आधीची चूक नुसती दाखवण्यातली होती. ही चूक नोंदीतली झाली. कोणते पत्र आधी आले, कोणते उत्तर नंतर गेले, मुदतीच्या आत निविदा पोचली की नाही, अशा प्रश्नांत उद्या हेच शिक्के पुरावा म्हणून पुढे येणार असतात.

आणि नुकसान शिक्क्यापुरतेच थांबत नाही. मोठ्या कचेऱ्यांत संगणक एकमेकांची ओळख पटवून घेतात, त्यासाठी केर्बेरॉस नावाची एक पद्धत आहे. विंडोजच्या जाळ्यांत ती सर्रास वापरली जाते. तीत एक अट असते, की दोन्ही यंत्रांच्या जागतिक वेळेत फार तर पाच मिनिटांचा फरक चालेल. नेमणुकीने ठरवलेली ही मर्यादा सहसा कुणी बदलत नाही. एका यंत्राचे घड्याळ हाताने तासभर पुढे केले, की पाच मिनिटांची अट केव्हाच मोडली. मग लोकांना आपल्या पेट्या उघडता येईनात, सर्व्हर एकमेकांना दाद देईनात, आणि कारण काही कळेना. म्हणून या विषयातला पहिला नियम असा : वेळ एका तासाने चुकलेली दिसली तर घड्याळाला हात लावू नये, पंचांग पाहावे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आमचे यंत्र इंटरनेटवरून वेळ मिळवते, मग आम्हाला काळजी कशाची?’ असे पुष्कळजण म्हणतात. इंटरनेटवरून वेळ आणणारी जी एनटीपी नावाची व्यवस्था आहे, ती फक्त जागतिक वेळ आणते. उन्हाळी वेळेचा नियम ती आणीत नाही. तेव्हा घड्याळ सेकंदापर्यंत बिनचूक, आणि पंचांग दहा वर्षांपूर्वीचे, असे एकाच यंत्रात खुशाल नांदू शकते.

बरे, हे पंचांग यंत्रात असते कुठे? एकाच जागी असते तर काम सोपे होते. विंडोजमध्ये ते मूळ कार्यप्रणालीच्या नोंदवहीत असते. युनिक्स आणि लिनक्स यंत्रांवर ‘झोनइन्फो’ नावाच्या फायलींत असते. या फायलींमागचा जगभरच्या वेळांचा तक्ता आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला. पॉल एगर्ट आणि जगभरचे स्वयंसेवक तो सांभाळत आले आहेत, आणि २०११ पासून आयएएनए ही संस्था त्याचे यजमानपद करते. पण जावा भाषेत लिहिलेले कार्यक्रम स्वतःचा वेगळा तक्ता बाळगतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २००३ या टपाल-सर्व्हरमध्ये भेटींच्या नोंदी पाहणाऱ्या घटकाजवळ आणखी एक निराळा तक्ता होता. त्यामुळे २००७ साली विंडोजची दुरुस्ती केली, पण एक्स्चेंजची केली नाही, असे झाले तर एकाच यंत्रातली दोन पंचांगे दोन वेगळ्या तिथ्या सांगू लागत. शिवाय लोकांच्या टेबलावरचे संगणक आणि खिशातले ब्लॅकबेरी फोन, त्यांची पंचांगे आणखी वेगळी.

लिनक्सच्या यंत्रांवर एक बारीकशी मेख असते. तिथे ‘लोकलटाइम’ नावाची एक फाइल त्या गावापुरते पंचांग दाखवते. ती कधी मूळ फायलीकडे बोट दाखवणारी असते, तर कधी मूळ फायलीची नक्कल असते. नक्कल असली तर मूळ पंचांग कितीही नवे केले, तरी नक्कल जुनीच राहते. दुसरी गोष्ट, टपालाचा कार्यक्रम सुरू होताना पंचांग एकदा वाचतो आणि तेच मनात धरून महिनोन्‌महिने चालत राहतो. म्हणून पंचांग बदलले, की टपालाचा कार्यक्रम एकदा थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. कागद बदलला, पण वाचणाऱ्याने तो पाहिलाच नाही, तर उपयोग काय?

फारच जुन्या यंत्रांची गोष्ट निराळी. एक्स्चेंज २००० चा सर्वसाधारण आधार २००५ अखेर संपला होता. विंडोज २००० चा त्याहूनही आधी. अशांसाठी निर्मात्याकडून फुकट दुरुस्ती येत नसे. तरीही मार्ग होता. विंडोज २००० च्या पंचांगातल्या तारखा हाताने बदलता येत, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच एक छोटे साधन दिले होते. ‘मार्चचा दुसरा रविवार, रात्रीचे दोन’ आणि ‘नोव्हेंबरचा पहिला रविवार, रात्रीचे दोन’ एवढे त्यात भरले, की पंचांग नवे झाले. म्हणजे यंत्र जुने आहे म्हणून घड्याळाशी खेळावे लागते, असे मुळीच नाही. पंचांग हाताने लिहिता येते.

आता तिसऱ्या वस्तूकडे, रोजनिशीकडे येऊ. खरी कटकट इथे आहे. समजा, जानेवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बाईंनी मंगळवार, २० मार्चला सकाळी नऊ वाजता बैठक ठरवली. यंत्राने जुने पंचांग पाहिले. त्याच्या लेखी २० मार्चला हिवाळाच. नवात पाच मिळवून त्याने ‘जागतिक वेळ दुपारचे दोन’ अशी नोंद ठेवली. फेब्रुवारीत पंचांग नवे झाले. आता यंत्र तीच नोंद काढते, दोनातून चार वजा करते, आणि बाईंना सांगते : बैठक दहा वाजता. पुण्यातल्या माणसाला ती संध्याकाळी साडेसातला दिसते, आणि बाईंच्या कागदी डायरीत मात्र नऊच आहेत, म्हणजे आपल्याकडचे साडेसहा. कोण कुणाची वाट पाहणार? पंचांग सुधारल्यामुळेच इथे घोटाळा झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. यंत्राने क्षण जपला, आणि माणसाने जपला होता तो घड्याळातला आकडा. बाईंच्या मनात ‘नऊ’ होते; जागतिक वेळेचे दोन त्यांच्या गावीही नव्हते.

मग अशा नोंदी पुन्हा तासाने मागे आणाव्या लागतात. २००७ साली त्यासाठी आउटलुकचे एक साधन माणसागणिक चालवता येई, आणि एक्स्चेंजचे एक साधन सर्व्हरवरून सर्वांसाठी. पण डोळे मिटून चालवण्याजोगे हे काम नव्हे. पंचांग बदलण्यापूर्वी लिहिलेल्या नोंदी सरकवावयाच्या. बदलल्यानंतर लिहिलेल्या बरोबर आहेत, त्यांना हात लावावयाचा नाही. जुन्या पद्धतीत एकेकट्या नोंदीबरोबर ‘ही कोणत्या नियमाने लिहिली’ हे टिपलेलेच नसे. शिवाय एकदा सरकवलेली नोंद चुकून दुसऱ्यांदा सरकवली, तर ती दुसऱ्या बाजूला तासभर चुकते. म्हणून अशा वेळी केव्हा पंचांग बदलले आणि केव्हा रोजनिशी सरकवली, हे तारीख-वेळेसह कागदावर लिहून ठेवावे, आणि दोहोंमध्ये शक्य तितके कमी अंतर असू द्यावे.

त्या काळात मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांना एक साधासुधा सल्ला दिला होता, आणि तो मला सगळ्या साधनांहून मोलाचा वाटतो. बदलाच्या आठवड्यांतील बैठकीचे निमंत्रण पाठवताना विषयाच्या ओळीतच वेळ अक्षरी लिहा. ‘आढावा बैठक, न्यूयॉर्क वेळ सकाळी ९’. यंत्राने नोंद कुठेही सरकवली, तरी ओळीतले शब्द सरकत नाहीत. वाचणाऱ्याला दोन वेळा वेगळ्या दिसल्या, की तो फोन उचलून विचारतो. आपले मुंबईकर वाडवडील ‘कोणत्या वेळेप्रमाणे?’ म्हणून विचारीत, तेच हे.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो जुनी कागदपत्रे पाहणाऱ्यांच्या उपयोगी आहे. विंडोज एक्सपी, २०००, २००३ यांच्या पंचांगात एका प्रदेशासाठी एका वेळी एकच नियम राहू शकत असे. नवा नियम घातला, की तो मागच्या वर्षांनाही लागू. त्यामुळे मार्च २००६ च्या शेवटच्या आठवड्यातील पत्र दुरुस्तीनंतर उघडले, तर ते एक तास पुढे दिसे, कारण त्या वर्षी तेव्हा उन्हाळी वेळ सुरूच झाली नव्हती. विंडोज व्हिस्टापासून वर्षागणिक वेगळा नियम ठेवण्याची सोय झाली. तेव्हा जुन्या पत्राच्या वेळेवरून वाद असेल, तर पडद्यावर दिसणारी वेळ प्रमाण मानू नये. पत्राच्या माथ्यावरचे मूळ शिक्के, त्यातल्या अधिक-उण्याच्या आकड्यासह वाचावेत.

वसंतात तास गळतो, तसा शरदात एक तास दोनदा येतो. ४ नोव्हेंबर २००७ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये एक ते दोन हा तास दोन वेळा झाला. सर्व्हरने आपली दैनंदिन नोंद स्थानिक वेळेने ठेवली असेल, तर दीड वाजताची घटना पहिल्या दीडची की दुसऱ्या दीडची, हे कसे सांगणार? रात्री दीडला ठरवलेले टपालाची प्रत काढण्याचे काम काही यंत्रांवर दोनदा होते. मार्चमध्ये अडीचला ठरवलेले काम होतच नाही, कारण त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. उपाय सोपा आहे. अशा देशांतल्या सर्व्हरची नोंदवही जागतिक वेळेने ठेवावी, आणि महत्त्वाची कामे रात्री एक ते तीनच्या दरम्यान लावू नयेत.

कुणी म्हणेल, ही २००७ ची कहाणी आता जुनी झाली. पण कायदे बदलायचे थांबलेले नाहीत. अमेरिकेने निदान दीड वर्षाची सूचना दिली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २००६ मध्ये कायदा केला आणि ३ डिसेंबरला घड्याळे पुढे केलीसुद्धा. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये उन्हाळी वेळ देशाच्या बहुतेक भागातून रद्द केली. तिथे ज्या यंत्राला ही बातमी कळली नाही, ते २ एप्रिल २०२३ च्या रविवारी आपले इमानेइतबारे तासभर पुढे गेले. लेबननमध्ये तर मार्च २०२३ मध्ये सरकारने घड्याळे पुढे करण्याचा दिवस ऐन वेळी लांबणीवर टाकला. काहींनी तो हुकूम मानला, काहींनी नाही. काही दिवस एकाच शहरात दोन वेळा चालल्या, आणि शेवटी हुकूम मागे घ्यावा लागला. असे चार दिवसांच्या सूचनेचे बदल कोणत्या यंत्राच्या निर्मात्याला गाठता येणार?

आणि जुनी यंत्रे आजही आहेत. एक्स्चेंज २००३ चा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा विस्तारित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही. लहान कचेऱ्या, शाळा, कारखाने ती वर्षानुवर्षे चालवतात, कारण नवे घ्यायला पैसे नसतात आणि जुन्याचे बरे चाललेले असते. अशा यंत्राजवळ बसणाऱ्याने काय करावे, ते क्रमाने सांगतो.

आधी आपल्या कचेरीतील पंचांगांची यादी करावी : कार्यप्रणालीचे, टपालाच्या कार्यक्रमाचे, जावाचे, लोकांच्या संगणकांचे. मग घड्याळ जागतिक वेळेशी जुळते आहे ना, एवढे पाहून ते सोडून द्यावे. पंचांगाची अधिकृत दुरुस्ती मिळत असेल तर ती आधी एखाद्या कमी महत्त्वाच्या यंत्रावर लावून पाहावी. मिळत नसेल तर तारखा हाताने भराव्यात. तेही जमत नसेल तर शेजारचा, तेवढ्याच फरकाचा पण उन्हाळी वेळ नसलेला प्रदेश निवडावा. मेक्सिको सिटीच्या जुन्या विंडोज यंत्राला ‘मध्य अमेरिका’ हा प्रदेश दिला तर काम भागते, कारण तिथेही जागतिक वेळेच्या सहाच तास मागे आणि उन्हाळी वेळ नाही. त्यानंतर टपालाचा कार्यक्रम पुन्हा सुरू करावा, आणि स्वतःलाच एक पत्र पाठवून त्याच्या माथ्यावरचा अधिक-उण्याचा आकडा वाचावा. आकडा बरोबर आला, की मग रोजनिशी सरकवावी, एकदाच. आणि बदलाचा रविवार उलटेपर्यंत सर्वांना सांगावे, की निमंत्रणात वेळ अक्षरी लिहा.

एवढ्या खटाटोपातून साधले काय, हा प्रश्न मनात येतोच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००८ साली आपल्या संसदेला जो अहवाल दिला, त्यात त्या चार वाढीव आठवड्यांनी वाचलेली वीज देशाच्या वर्षभराच्या विजेच्या ०.०३ टक्के भरली. त्या विजेची किंमत मोठी की त्या मार्चमध्ये रात्री जागलेल्या यंत्रचालकांच्या श्रमांची, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. यंत्रचालकाचे मत कायदा करताना कुणी विचारत नाही, आणि बैठक चुकली की दोष मात्र पहिला त्याच्याकडे येतो.

आपण इथे बसून एवढे तरी करू शकतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चार रविवारांना खूण करून ठेवावी : मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला, हे अमेरिकेचे, मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा, हे युरोपचे. त्या रविवारांच्या आसपास परदेशातून बैठकीचे निमंत्रण आले, तर आपल्या पडद्यावरची वेळ वाचून न थांबता, उलट टपाली एका ओळीत विचारावे : ‘तुमच्याकडे किती वाजता?’ पलीकडचा सर्व्हर नवा आहे की जुना, त्याचे पंचांग कुणी बदलले आहे की नाही, हे आपल्याला इथून दिसत नाही. पण तिथल्या माणसाला आपल्या भिंतीवरचे घड्याळ दिसते, आणि त्याच्या उत्तरातला आकडा कोणतेही यंत्र बदलीत नाही.